पार्श्वभूमी : कोरोना, म्युकर आणि गेलेले डोळे

साथीत डोळा जाणं मराठवाड्याला नवं नाही. देवीतून वाचलेल्या कित्येकांच्या बुबुळावर फूल पडायचं ते जन्मभरासाठी. १९७५ नंतर देवी देशातून गेली, पण गोवर राहिला आणि ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडलेल्या लेकरांचे डोळे घेत राहिला. १९७१ मध्ये देशभर डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यात डोळे लालभडक झाले, नजर मात्र बहुतेकांची शाबूत राहिली.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या विषाणूने स्वतः डोळा नेला नाही, बुरशीला वाट करून दिली. म्युकरची बुरशी माती, शेणखत, कुजका पाला अशी सगळीकडे असते आणि धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. दुसऱ्या लाटेत मात्र वाढलेली साखर आणि सढळ हाताने दिलेली स्टेरॉइड एकत्र आली. त्या काळात देशभरातल्या २८२६ रुग्णांची नोंद तपासली गेली, तेव्हा ७८ टक्के मधुमेही निघाले आणि ८७ टक्क्यांना स्टेरॉइड दिलेली होती. ऑक्सिजन कमी पडलेल्याला स्टेरॉइडने जीवदान मिळालं, हे खरंच. पण घरीच असलेल्या, ऑक्सिजन नीट असलेल्या माणसालाही साखर न तपासता त्याच गोळ्या दिल्या गेल्या, तिथे घात झाला.

कोरोनातून उठलेल्या माणसाचा एका बाजूचा गाल बधिर व्हायचा, वरचे दात हलायचे, नाकातून काळपट खपली यायची, मग पापणी खाली यायची. हिंगोली-परभणीकडचा रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे, मग कान-नाक-घशाच्या आणि तिथून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. नाकातला तुकडा काचपट्टीवर घेतला की रुंद, काटकोनात फुटलेले धागे तासाभरात दिसायचे. तोवर बुरशी सायनसमधून, म्हणजे नाकाशेजारच्या पोकळ्यांमधून, डोळ्याच्या खोबणीत शिरलेली असायची.

खरा वाद तिथून पुढचा : डोळा काढायचा की ठेवायचा? काढायचा म्हणजे नुसता डोळ्याचा गोळा नव्हे, कित्येकदा पापण्यांसकट अख्खी खोबण रिकामी करायची. ही बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, त्यामुळे मेलेल्या भागात औषध पोचत नाही आणि पुढे मेंदू आहे, म्हणून काढा, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणायची, डोळा काढल्याने जीव वाचतोच असा ठाम पुरावा नाही. नजर शिल्लक असेल तर सायनस साफ करा, डोळ्यामागे अँफोटेरिसिन या बुरशीनाशकाचं इंजेक्शन द्या, वाट बघा. मला दुसरी बाजू पटते. मात्र वाट बघायला रोजचं औषध हाताशी लागतं, आणि मे महिन्यात तेच नव्हतं. इंजेक्शनचं वाटप सरकारी कोट्यातून सुरू झालं, नातेवाईक चिठ्ठी घेऊन दारोदार फिरले. स्वस्त, साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडावर जायचं आणि मधुमेह्याची मूत्रपिंडं आधीच नाजूक. डोळा ठेवावा की नाही, हे मग एकट्या सर्जनच्या हातात उरत नव्हतं.

उपचार राज्याच्या आरोग्य विमा योजनेत आले, तोवर अनेक घरांनी पदरचं घालून शस्त्रक्रिया उरकल्या होत्या.

२०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर पुन्हा डोळे आले. ती साथ बहुतेकांना आठवड्या-दीड आठवड्यात सोडून गेली. तरी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब नेणारे होतेच. त्या थेंबांनी लाली लवकर उतरते, पण ते लांबले तर डोळ्यातला दाब वाढतो, आणि नागिणीच्या जातीचा विषाणू असेल तर बुबुळालाच जखम होते.