भालाफेक फक्त दणकट मुलांसाठी? हा समज चुकीचा

शाळेच्या मैदानावर हे हमखास कानावर पडतं: अंगाने दणकट असेल त्याच्या हाती गोळा-भाला द्या, काटक मुलांना पळू द्या. या वाटणीत भाल्यावर तरी सरळ अन्याय होतो.

भाला दंडाच्या जोरावर लांब जात नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीचे शेवटचे दोन-तीन टप्पे नीट बघा. धाव घेत ती येते, डावा पाय पुढे ताठ रोवते, गुडघा वाकू देत नाही. धावेचा वेग तिथे अडतो आणि कमरेतून, छातीतून, खांद्यातून वर चढतो. हात सगळ्यांत शेवटी येतो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय असाच रोवलेला असतो. नुसत्या हाताने फेकलं तर कोपर आणि खांदा दुखावतो, भालाही तिरका होऊन लवकर पडतो.

वजनाचीही उगाच भीती आहे. पुरुषांचा भाला 800 ग्रॅमचा, तर 18 वर्षांखालच्या मुलींचा अवघा 500 ग्रॅमचा असतो. टोकियोत 87.58 मीटर फेकून सुवर्णपदक जिंकणारा नीरज चोप्रा लहानपणी स्थूल होता, वजन कमी करायला मैदानावर आला आणि पानिपतच्या स्टेडियममध्ये इतरांना भाला फेकताना पाहून त्यात रमला. कुणी त्याचं अंग जोखून खेळ ठरवला नव्हता.

म्हणून पालकांनो, शिक्षकांनो, बारा-तेराव्या वर्षी मुलांना लांब उडी, उंच उडी, थाळी, भाला, सगळं करून बघू द्या. सडपातळ पोरगी भाला मागत असेल तर आधी तिच्या हातात भाला द्या.