दादावादातील विनोद व विसंगती

पहिल्या महायुद्धाच्या काळात तटस्थ स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे सुरू झालेल्या आणि न्यूयॉर्क, बर्लिन, कोलोन व पॅरिस येथे निरनिराळ्या रूपांत वावरलेल्या दादावादी या कला-साहित्यातील बंडखोर चळवळीने विनोद आणि निरर्थकता यांचा वापर प्रस्थापित कला, धर्म, लष्कर व न्यायव्यवस्था यांच्याविरुद्ध हेतुपूर्वक केला. हा विनोद दुरून टिंगल करीत नाही. ज्या संस्थेला तो डिवचतो, तिचाच वेश, विधी किंवा नियम तो अंगीकारतो.

जर्मन लेखक ह्यूगो बाल व गायिका-कवयित्री एमी हेनिंग्ज यांनी ५ फेब्रुवारी १९१६ रोजी झुरिकमध्ये ‘कॅबरे व्होल्तेअर’ हे गाणी, कवितावाचन व प्रयोगांचे मनोरंजनगृह सुरू केले. तेथे रिखार्ड ह्यूल्सेनबेक, मार्सेल यांको व त्रिस्तान त्सारा हे तिघे दादावादी एकच कविता जर्मन, इंग्रजी व फ्रेंच या भाषांत एकाच वेळी म्हणत, त्यामुळे कोणालाच काही कळत नसे. सीमेपलीकडे युद्ध चालू असताना हा गोंधळ निव्वळ पोरखेळ नव्हता. त्याच वर्षी जूनमध्ये बालने पुठ्ठ्याचा, बिशपची आठवण करून देणारा पोशाख चढवून अर्थहीन ध्वनींच्या कविता वाचल्या. वाचता वाचता आपल्या आवाजाला धर्मगुरूंच्या पठणाची लय आल्याचे त्याने रोजनिशीत नोंदविले आहे. विडंबन आणि प्रार्थना येथे वेगळी करता येत नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली, शुल्क भरणाऱ्या कोणाचीही कलाकृती स्वीकारू असे जाहीर करणाऱ्या एका कलावंत-संस्थेकडे फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँने ‘आर. मट’ या सहीचे मुतारीचे भांडे ‘कारंजे’ या नावाने पाठविले. संस्थेने ते प्रदर्शनात मांडले नाही, म्हणजे स्वतःचाच नियम मोडला. खरा विनोद भांड्यापेक्षा या नकारात आहे.

जर्मनीत हा विनोद अधिक बोचरा होता. बर्लिनच्या १९२० मधील दादावाद्यांच्या कलाप्रदर्शनात लष्करी गणवेशातील डुकरतोंड्या पुतळा छताला टांगला होता. सैन्याच्या बदनामीबद्दल १९२१ मध्ये खटला झाला आणि चित्रकार गेओर्ग ग्रोस व प्रकाशक व्हीलांड हेर्त्सफेल्डे यांना दंड झाला. हे सारे गमतीने केले, असा बचाव न्यायालयात मांडला गेला. लेखक कुर्ट टुखोल्स्की यांना तो मुळीच रुचला नाही, आणि त्यांची ही नापसंती योग्यच होती. कोलोनमध्ये १९२० सालीच चित्रकार माक्स एर्न्स्ट व सहकाऱ्यांच्या प्रदर्शनात पुरुषांच्या शौचालयातून प्रवेश होता आणि एर्न्स्टची एक कलाकृती फोडण्यासाठी तिच्याजवळच कुऱ्हाड ठेवली होती. अश्लीलतेच्या तक्रारीवरून पोलिसांनी ते बंद केले, तेव्हा आक्षेपार्ह चित्र सोळाव्या शतकातील थोर जर्मन चित्रकार ड्यूररचे ‘ॲडम आणि ईव्ह’ निघाले.

पॅरिसमध्ये मे १९२१ मध्ये कडवे राष्ट्रवादी लेखक मोरिस बारेस यांच्यावर अभिरूप खटला भरण्यात आला. आरोपीच्या जागी कपड्यांच्या दुकानातील पुतळा होता. या खटल्याचे अध्यक्ष, कवी आंद्रे ब्रतों यांना खराखुरा नैतिक निवाडा हवा होता, तर साक्षीदार त्साराने खुळचट उत्तरे देऊन, दादावाद्यांनी केलेल्या न्यायावरही आपला विश्वास नसल्याचे सांगितले. या मतभेदाने पॅरिसमधील गटात फूट रुंदावली. ब्रतों पुढे स्वप्न व अबोध मनाला महत्त्व देणाऱ्या अतिवास्तववादाकडे वळले.