ध्वनिवर्धक मांडणी (वाद्यवृंदासाठी)

वाद्यवृंदाचे प्रत्यक्ष गायन-वादन सर्व श्रोत्यांना शक्य तितके सारखे ऐकू यावे, यासाठी स्पीकर निवडणे आणि जागा पाहून ते बसवणे. सांगली, मिरज व सातारा भागांत याला ‘साऊंड लावणे’ म्हणतात आणि ते करणाऱ्याला साऊंडवाला. वरच्या पट्टीतील स्वरांच्या पेटीला ‘टॉप’, खर्जाच्या पेटीला ‘बेस’, गायकाच्या पायाशी ठेवलेल्या तिरक्या पेटीला ‘मॉनिटर’ ही नावे रूढ आहेत. ‘दोन टॉप, दोन बेस’ एवढ्या शब्दांत सुपारीचा साऊंड ठरतो.

संज्ञा : मराठीत या उपकरणाच्या नावांचा बराच घोळ आहे. ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द माइक व स्पीकर या दोहोंसाठी वापरला जातो; ‘ध्वनिक्षेपकासमोर बोलणे’ आणि ‘ध्वनिक्षेपकावर बंदी’ या दोन प्रयोगांत तो वेगवेगळ्या वस्तू दाखवतो. ‘ध्वनिवर्धक’ हा शब्द खरे तर अँप्लिफायरला लागू पडतो, कारण ध्वनीचा विद्युत्संकेत तोच वाढवतो. व्यवहारात मात्र तो स्पीकरसाठीच येतो. प्रस्तुत नोंदीत संपूर्ण संचाला ‘ध्वनिवर्धक’ आणि पेटीला ‘स्पीकर’ म्हटले आहे. ‘कर्णा’ हा शब्द जुना आहे. देवळातील नौबतीसोबत फुंकले जाणारे लांब तोंडाचे वाद्य म्हणजे कर्णा. आकाराच्या साम्यामुळे ते नाव आधी ग्रामोफोनच्या आणि मग लाऊडस्पीकरच्या तोंडाला मिळाले असावे. गिरणीच्या वेळेचा ‘भोंगा’ही तसाच इकडे आला.

उगम : लाऊडस्पीकरचा जनक कोण, यावर मतभेद आहेत. जर्मन संशोधक व्हेर्नर फोन सीमेन्स यांनी १८७० च्या दशकात चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याची कल्पना पेटंटात मांडली होती. पण तिला आवाज मोठा करण्याची जोड नव्हती. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्या १८९८ च्या पेटंटला काही लेखक अग्रमान देतात. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये होरेस शॉर्ट यांनी दाबलेल्या हवेवर चालणारे ‘ऑक्झेटोफोन’ नावाचे यंत्र तयार केले. त्याचा आवाज मोठा असे, पण हवेचा फुसफुसाटही त्यातून ऐकू येई. मात्र प्रश्न केवळ स्पीकरचा नसून माइक, अँप्लिफायर व कर्णा यांच्या साखळीचा आहे, असे मानल्यास कॅलिफोर्नियातील पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांचा दावा अधिक सबळ ठरतो. त्यांनी १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे नाताळच्या पूर्वसंध्येला उघड्यावरील जनसमुदायाला भाषण व संगीत ऐकवले. १९१९ मध्ये सॅन दिएगो येथे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचे भाषण सुमारे ५० हजार श्रोत्यांनी त्यांच्याच संचावरून ऐकले. आजच्या कागदी कोनाच्या स्पीकरची घडण मात्र चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांच्या १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या कामातून आली. एकाखाली एक पेट्या टांगून केलेली आधुनिक ‘लाइन ॲरे’ १९९० च्या दशकाच्या आरंभी क्रिस्तियान हाइल या फ्रेंच तंत्रज्ञामुळे प्रचारात आली. उभ्या रांगेतील ‘कॉलम’ स्पीकर त्याआधीही सभागृहांत असत.

भारतात ध्वनिवर्धकाचा प्रसार प्रथम राजकीय सभांतून झाला. काँग्रेसच्या अधिवेशनांना नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे संच पुरवले जात, कराचीच्या १९३१ च्या अधिवेशनापासून ही प्रथा पडली असे सांगतात. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ मध्ये नाट्यप्रयोग केला तेव्हा, आणि नंतरही कित्येक दशके, आवाज शेवटच्या माणसापर्यंत नेण्याचे काम नटाच्या गळ्यानेच केले. तमाशात झीलकरी गायकाची ओळ उचलतात ती केवळ साथीसाठी नव्हे. मोकळ्या मैदानात शब्द मागे पोहोचवण्याचा तो एक उपायही असावा. पुढे जत्रेतील तंबूवर कर्णे चढले. चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रे आल्यावर एकट्या कर्ण्यावर भागेना, कारण कर्ण्यातून शब्द स्पष्ट येतो पण खर्ज जवळजवळ येतच नाही.

निवड : ग्राहक सहसा वॅट विचारतो. वॅट दुप्पट केल्याने आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. त्यापेक्षा पेटीची संवेदनशीलता, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात, हा आकडा जास्त उपयोगी आहे. ९८ डेसिबल संवेदनशीलतेच्या पेटीला ५०० वॅट दिल्यास १ मीटरवर सुमारे १२५ डेसिबल मिळतात. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात. म्हणून १६ मीटरवर १०१ आणि ३२ मीटरवर ९५ उरतात. ऑर्केस्ट्र्याला एवढे पुरते. जत्रेच्या मैदानात गर्दी याच्याही मागे पसरते, तेव्हा पुढच्या पेट्या वाढवण्याऐवजी मध्ये खांबावर दुसरी जोडी लावणे हे बरे.

दुसरी बाब पसरण्याच्या कोनाची. ९० अंशांची पेटी रुंद व आखूड जागेला, ६० अंशांची लांबट जागेला. मंगल कार्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये रुंद कोनाची पेटी लावली की निम्मा आवाज भिंतींवर व पत्र्यावर जातो आणि सगळे गाणे घुमते.

वाद्यांचाही विचार करावा लागतो. ढोलकी व तबल्याला स्वतःचा आवाज असतो, त्यांना ध्वनिवर्धकाचा केवळ हातभार लागतो. ऑक्टोपॅड (विजेवर चालणारे तालवाद्य) व कीबोर्ड यांचा आवाज मात्र पूर्णपणे स्पीकरमधूनच जन्मतो. म्हणून केवळ तबला-हार्मोनियमच्या मैफलीला जो संच भरपूर होतो, तोच ऑक्टोपॅड सुरू होताच फाटू लागतो.

मांडणी : टॉप माइकांच्या ओळीच्या पुढे असावेत, हा पहिला नियम, तो मोडला की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकात शिरतो आणि माइक शिट्ट्या मारतो. पेटीचे तोंड माणसांच्या डोक्यांवरून जाईल इतक्या उंचीवर, साधारण अडीच-तीन मीटरवर, आणि मागच्या रांगांकडे किंचित झुकलेले असावे. जमिनीवर ठेवलेली पेटी पहिल्या दोन रांगांना बहिरे करते आणि पाचव्या रांगेत नाहीशी होते, कारण वरच्या पट्टीतील स्वर माणसांची शरीरे शोषून घेतात. मॉनिटर कुठे ठेवायचा हे माइकवर ठरते : कार्डिऑइड जातीचा (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, तर सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद कोनाचा) मागच्या दोन बाजूंनी, समोरून सुमारे १२५ अंशांवर. वापरात नसलेले माइक बंद ठेवावेत. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी सुरू होण्यापूर्वी आवाज वाढवण्याची सवलत ३ डेसिबलने घटते.

खर्जाच्या पेट्यांची मांडणी हा सर्वांत चुकणारा भाग आहे. रंगमंचाच्या डाव्या व उजव्या टोकाला एकेक थप्पी लावण्याची सर्वत्र रीत आहे. ती दिसायला भारदस्त, पण ऐकायला वाईट. ६० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ५.७ मीटर असते. दोन्ही थप्प्यांपासूनच्या अंतरांत याच्या निम्मा, म्हणजे २.९ मीटरच्या आसपास फरक पडला की तिथे दोन लहरी एकमेकींना मारतात. परिणामी मधल्या वाटेवर खर्ज दणदणतो, तर बाजूच्या खुर्च्यांवर जवळजवळ नसतो. मिक्सर (सर्व माइक व वाद्यांचे आवाज जुळवण्याचे यंत्र) नेमका त्याच मधल्या वाटेवर असल्याने साऊंडवाल्याला हे कधीच कळत नाही. सगळे बेस मंचासमोर मध्यभागी एका ओळीत ठेवणे हा साधा उपाय. तो आपल्याकडे टळतो याचे कारण तांत्रिक नाही : पहिल्या रांगेत सोफ्यावर प्रमुख पाहुणे असतात आणि त्यांच्या पोटात दणका बसवण्याची कोणाची तयारी नसते. मंचावर मागे जाणारा खर्ज कमी करायचा असल्यास एक बेस उलट तोंडाने, उलट ध्रुवतेने (तारांची टोके उलटी जोडून) व योग्य विलंबाने (आवाज किंचित उशिरा सोडून) लावतात. विलंब न मोजता केल्यास पुढचाच खर्ज मरतो.

लांबच्या मैदानात खांबावर लावलेल्या दुसऱ्या जोडीलाही विलंब द्यावा लागतो. २० अंश सेल्सियस तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून २० मीटरवरील जोडीला ५८ मिलिसेकंद, शिवाय वर दहा-पंधरा. ही वाढ जर्मन ध्वनितज्ज्ञ हेल्मुट हास यांच्या १९४९ च्या प्रयोगांवर आधारलेली आहे : आधी येणाऱ्या आवाजाच्या दिशेलाच कान उगम मानतो, त्यामुळे श्रोत्याला गाणे खांबावरून नव्हे तर मंचावरूनच आल्यासारखे वाटते.

खरसुंडीसारख्या जत्रेच्या उघड्या मैदानात वारा ध्वनीला वळवतो. वाऱ्याच्या दिशेने तो जमिनीकडे झुकतो, उलट दिशेने वर उचलला जातो. कृष्णाकाठी थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते आणि ध्वनी खाली वाकून दूरवर जातो, पलीकडच्या गावातील कीर्तन रात्री शब्दन् शब्द ऐकू येते ते यामुळे.

नियम : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरता येत नाही, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य शासन रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसावा. ही मोजणी ‘ए’ भारित मापनाने होते आणि त्यात ६३ हर्ट्झचा खर्ज सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीसारख्या प्रसंगी मापक गप्प असतानाही घरांच्या काचा थरथरू शकतात, त्याचे एक कारण हे.