डिक्शनरी टेबलात उतरते तेव्हा

प्रोग्राममधली डिक्शनरी म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा संच. नाव सांगा, मूल्य हजर. जावा या प्रोग्रामिंग भाषेत हिलाच मॅप म्हणतात. वापरकर्त्याच्या सेटिंग्ज बहुतेकदा अशाच ठेवलेल्या असतात: भाषा 'मराठी', फॉन्ट 'मोठा'. प्रोग्राम बंद झाल्यावरही त्या टिकायच्या तर डेटाबेसमध्ये जायला हव्यात. पण एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलच्या, म्हणजे माहिती टेबलांत मांडण्याच्या पद्धतीच्या, शिस्तीत एका रकान्यात एकच सुटं मूल्य बसतं, अख्खी डिक्शनरी नाही.

हायबरनेटसारखे ओआरएम, म्हणजे प्रोग्राममधला डेटा डेटाबेसच्या टेबलांत उतरवणारी साधनं, यावर सरळ तोडगा काढतात: सेटिंग्जचं वेगळं टेबल. त्यात वापरकर्त्याचा क्रमांक, सेटिंगचं नाव आणि मूल्य. पहिले दोन रकाने मिळून प्रायमरी की, म्हणजे ओळीची खूण, जी दोन ओळींत सारखी असू शकत नाही. एकच नाव दोनदा यायचं नाही, ही डिक्शनरीची अट मग डेटाबेसच सांभाळतो. शिवाय फॉन्ट बदलला तर नेमकी तेवढीच ओळ अपडेट होते. क्रम नसलेल्या साध्या यादीत ओळ ओळखायला खूणच नसते, त्यामुळे हायबरनेट त्या वापरकर्त्याच्या सगळ्या ओळी पुसून पुन्हा लिहितो.

इथवर छान. पण 'एकच नाव' कशाला म्हणायचं, हे कोण ठरवणार? इंग्रजी कॅपिटल अक्षराने सुरू होणारं नाव आणि तेच स्मॉल अक्षरांतलं, जावाच्या लेखी ही दोन नावं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या डीफॉल्ट कोलेशनला, म्हणजे अक्षरांची तुलना करण्याच्या नियमाला, ती एकच वाटतात. मेमरीत दोन्ही जोड्या सुखाने नांदतात आणि सेव्ह करताना ड्युप्लिकेट कीचा एरर येतो. कोड कितीही चाळा, त्यात चूक दिसत नाही. त्या रकान्याला लहान-मोठं अक्षर ओळखणारं कोलेशन दिलं की प्रश्न मिटतो. नल, म्हणजे रिकाम्या, मूल्याचंही असंच: हायबरनेट अशी जोडी साठवतच नाही, त्यामुळे 'सेटिंग आहे पण रिकामी' आणि 'सेटिंगच नाही' यांतला फरक पुन्हा लोड केल्यावर उरत नाही.

मग सगळी डिक्शनरी जेसनमध्ये, म्हणजे डेटा मजकूर म्हणून लिहिण्याच्या एका पद्धतीत, कोंबली तर? पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 2014 पासून जेसन साठवायचा जेसनबी हा प्रकार आहे, आणि सेटिंग्ज नेहमी एकगठ्ठाच वाचायच्या असतील तर मी तोच मार्ग घेईन. मात्र जेसनमध्ये नाव स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच, असावं लागतं. पायथनच्या डिक्शनरीत 1 हा आकडा नाव म्हणून दिला, तर परत येताना तो '1' ही स्ट्रिंग होऊन येतो, आणि जुन्या आकड्याने शोधल्यावर की-एरर, म्हणजे 'असं नावच नाही' अशी चूक, मिळतो.