प्रेम जुनंच आहे, लग्नाचं काम बदललं

खानदेशात लग्नाच्या मांडवात जुनी माणसं एक वाक्य हमखास बोलतात: "आमच्या वेळी प्रेमबिम काही नव्हतं, घरच्यांनी दिलं तिथे नांदलो." ऐकणारी तरुण मंडळी त्यातून एवढंच उचलतात की प्रेम ही अलीकडची, सिनेमाने आणलेली गोष्ट आहे. मानववंशशास्त्र, मेंदूविज्ञान आणि लोकसंख्याशास्त्र या तिन्हीकडचे पुरावे वेगळंच सांगतात. प्रेम फार जुनं आहे. लग्नाकडून कोणतं काम करून घ्यायचं, ते मात्र बदलत गेलं, आणि त्यानुसार प्रेमाची जागा कधी लग्नाआधी, कधी लग्नानंतर, तर कधी लग्नाच्या बाहेर राहिली.

सगळ्यात जवळचा पुरावा आपल्याच भाषेच्या घराण्यातला आहे. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या ७०० गाथा. तिचा गाभा साधारण पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात. त्यातली एक गाथा कापूस पिकवणाऱ्याला लगेच कळेल. कापसाच्या रानात पहिला नांगर घालायचा शुभ दिवस आहे, घरची बाई नांगराची पूजा करते आहे आणि तिचे हात थरथरताहेत. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की त्या रानात कोणाला भेटायचं, याचे मनोरथ तिच्या मनात आधीच सुरू झाले आहेत. गाथाकार तिला 'असती', म्हणजे पतिव्रता नसलेली, म्हणतो, पण तिच्या हातांची थरथर तो बारकाईने टिपतो. प्रेम तेव्हाही होतं. लग्न होतं एकीकडे आणि मन लागलं होतं दुसरीकडे, एवढंच.

एका गाथेवरून सगळ्या मानवजातीचा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून १९९२ साली विल्यम जँकोविआक आणि एडवर्ड फिशर या मानववंशशास्त्रज्ञांनी जगभरच्या १६६ समाजांच्या नोंदी तपासल्या. प्रियकराची आठवण काढून झुरणं, प्रेमगीतं, पळून जाणं, किंवा त्या समाजातल्या माणसाने स्वतः दिलेली प्रेमाची कबुली, अशा खुणा त्यांनी शोधल्या. १४७ समाजांत, म्हणजे जवळपास ८९ टक्क्यांत, त्या सापडल्या. उरलेल्या समाजांत प्रेम नव्हतं असं यातून सिद्ध होत नाही. नोंद करणाऱ्याने विचारलंच नसेल, तर नोंद सापडणार कुठून?

मेंदूविज्ञानाने पुढची पायरी गाठली. २००५ साली आर्थर ॲरन, हेलन फिशर आणि लुसी ब्राऊन यांनी नव्याने प्रेमात पडलेल्या १७ जणांना (१० स्त्रिया, ७ पुरुष) एमआरआय यंत्रात ठेवून प्रिय व्यक्तीचा आणि एका ओळखीच्या माणसाचा फोटो आलटून पालटून दाखवला. प्रिय चेहरा दिसला की मध्यमेंदूतला, डोपामिन हे रसायन तयार करणारा एक छोटा भाग अधिक काम करू लागे. तहानेल्याला पाण्याकडे ओढणारी यंत्रणा हीच. म्हणून प्रेमातला माणूस जेवणखाण विसरतो आणि फोन हातातून ठेवत नाही. हे यंत्र रक्तातल्या प्राणवायूचा फरक मोजतं, प्रेम मोजत नाही, आणि १७ हा आकडा लहान आहे, हेही ध्यानात ठेवावं. त्याच गटाने २०१२ साली सरासरी २१ वर्षं संसार झालेल्या आणि अजूनही प्रेम टिकल्याचं सांगणाऱ्या १७ जणांची तीच चाचणी घेतली. तोच भाग त्यांच्यातही जागा झाला.

ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला सरसकट 'प्रेमाचं रसायन' म्हणायची घाई मात्र नको. जोडी करून राहणाऱ्या अमेरिकन गवताळ प्रदेशातल्या उंदरांवरून, म्हणजे प्रेअरी व्होल्सवरून, ही कल्पना रुजली. २०२३ साली संशोधकांनी या संप्रेरकाचा ग्राहक-रेणूच नसलेले व्होल तयार केले. त्यांनीही जोड्या जमवल्या. एका रसायनावर सगळा भार टाकता येत नाही.

मेंदू तोच असेल, तर मग लग्नं इतकी वेगवेगळी का? कारण लग्न हा शेतीचा, श्रमाचा आणि वारशाचा करार होता. हे समजून घ्यायला खानदेशासारखी जागा क्वचितच मिळेल. तापीकाठच्या काळ्या जमिनीत हुंडा आहे आणि उत्तरेला सातपुड्यात देज आहे.

देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायची रक्कम. भिल्ल आणि पावरा समाजांत पंच बसतात, बोलणी होतात, काही रोख आणि काही वस्तुरूपात ठरतं. मुलाकडे ऐपत नसेल तर त्याने सासऱ्याच्या शेतात राबून ते फेडायचं, अशीही रीत आहे. मुलगा-मुलगी आपणहून पळून गेले तरी बहुतेकदा गोष्ट तिथे संपत नाही. पंच नंतर बसतात, देज ठरतं, लग्न मान्य होतं. बाई पहिल्या नवऱ्याला सोडून दुसऱ्याकडे गेली, तर पहिल्याचं देज दुसऱ्याने भरायचं. म्हणजे या व्यवस्थेत मुलीच्या पसंतीला एक वाट आहे, पण ती पैशातून जाते. स्मृतिग्रंथांनी आठ विवाहप्रकार सांगितले, त्यांत वधूपित्याला धन देऊन केलेल्या लग्नाला 'आसुर' ठरवून खाली ढकललं, आणि दोघांच्या इच्छेने झालेल्याला 'गांधर्व' म्हटलं. डोंगरात हे दोन्ही एकत्र नांदतात.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. होळीआधीच्या आठवड्यात धडगाव परिसरात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराला बातम्यांमध्ये 'लग्नाचा बाजार' म्हणतात. तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे. गूळ, डाळ्या, दागिने, ढोल आणि नाच हे त्यातलं मुख्य. तरुणांच्या नजरा जुळतात, जशा कुठल्याही जत्रेत जुळतात. आदिवासी कार्यकर्ते या बदनामीवर आक्षेप घेतात, आणि तो रास्त आहे.

डोंगरात देज आणि सपाटीवर हुंडा, हा फरक का पडतो? डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० साली एक उत्तर दिलं: जिथे फिरती, हाताने केलेली शेती आहे आणि तिचा भार बाईवर आहे, तिथे मुलगी देणारं घर कामाचे दोन हात गमावतं, म्हणून भरपाई मागतं. जिथे नांगर आणि बैल आले, तिथे शेती पुरुषाकडे गेली आणि बाईच्या श्रमाची किंमत कमी धरली गेली. सातपुड्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं. सपाटीवर मात्र अडतं, कारण कापूस वेचणं, निंदणं ही कामं बायकाच करतात आणि हुंडाही आहेच. जॅक गुडी आणि स्टॅन्ली तांबय्या यांची १९७३ सालची मांडणी इथे जास्त उपयोगी वाटते. जमिनीची मालकी आणि घराची प्रतिष्ठा यांची उतरंड असली, की बाप मुलीबरोबर धन देऊन तिला वरच्या पायरीवर बसवू पाहतो. वेचणीचे हात मजुरीने मिळतात. सातबारा असलेलं किंवा पगारदार स्थळ तसं मिळत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शेतकरी जातींतही पूर्वी देज घेत असत. शिक्षण आणि नोकरी आली तशी रकमेची दिशा उलटली.

दोन्ही व्यवस्था बिघडतात, पण वेगळ्या तऱ्हेने. देजासाठी कर्ज काढलं जातं, कधी ऊसतोडीची उचल घेतली जाते, आणि "विकत आणली" हा शब्द बाईच्या माथी बसतो. हुंड्यात मुलगी जन्माच्या आधीच खर्च ठरते. २०११ च्या जनगणनेत ०-६ वयोगटात १००० मुलांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ मुली होत्या, नंदुरबारमध्ये ९४४. या एवढ्या फरकाचं सगळं श्रेय देजाला देता येणार नाही. सोनोग्राफीची सोय आणि दोनच अपत्यांचा आग्रह हीदेखील कारणं आहेत. पण ती मुलं आता लग्नाच्या वयात येत आहेत, आणि शेतकऱ्याच्या मुलाला स्थळ का मिळत नाही याचं काही उत्तर अशा आकड्यांत आहे.

आता काळाकडे पाहू. प्रेम लग्नाआधी व्हायचं असेल तर वयात येणं आणि लग्न यांच्यामध्ये काही वर्षं मोकळी लागतात. ही वर्षं पूर्वी नव्हतीच. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्यात जन्मल्या आणि १३व्या वर्षी जळगावच्या चौधरी घरात सून म्हणून आल्या. त्या काळी ते वय लवकरचं मुळीच नव्हतं. एवढ्या लहान वयात मन सासरी कोणात गुंतणार? म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर माहेरवाशिणी जी गाणी म्हणतात, त्यात भाऊ, आई, माहेरची वाट जागोजाग येते आणि नवरा मोजक्या ओळींत. प्रेमाचा ओघ जिकडे वाट होती तिकडे गेला.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या घराण्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यांच्या मुलीची, लीलावतीची गोष्ट खानदेशात सगळ्यांना माहीत असते. तांब्याच्या वाटीला बुडाला बारीक भोक, वाटी पाण्यावर सोडायची, २४ मिनिटांत भरून बुडाली की एक घटिका. लीलावती वाकून पाहताना तिच्या अंगावरचा मोती वाटीत पडला, भोक बुजलं, लग्नाचा मुहूर्त टळला. ही कथा १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजी या कवीने केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली, इतिहास म्हणून तिला आधार नाही. पण लग्न कशावर अवलंबून मानलं जाई, ते तीत स्वच्छ दिसतं. मुहूर्त आहे, बाप आहे. मुलीची पसंती कुठेच नाही.

कायद्याने ती मोकळी वर्षं हळूहळू निर्माण केली. १९२९ चा सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला: मुलीला १४, मुलाला १८. १९७८ साली ते १८ आणि २१ झालं. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २०-२४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ च्या आत झालेलं आढळलं. जिथे मुलगी बारावीनंतर एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाते, तिथे पाच-सात वर्षं उघडतात आणि प्रेमविवाहाचा प्रश्न घरात येतो. युरोपातही असंच झालं. वायव्य युरोपात लग्नं शतकानुशतकं पंचविशीच्या आसपास होत, आणि १८व्या शतकाच्या अखेरीपासून मजुरीवर स्वतंत्र घर मांडता येऊ लागलं, तसं 'प्रेमासाठी लग्न' हा आदर्श तिथे रुजला.

"ठरवून केलेल्या लग्नात प्रेम वाढत जातं, प्रेमविवाहात आटतं" असं जे सांगतात, त्याचा उगम १९८२ साली जयपूरला झालेल्या उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांच्या अभ्यासात आहे. जोडपी होती ५०: निम्मी ठरवलेल्या लग्नाची, निम्मी प्रेमविवाहाची. त्यांची लग्नाच्या वर्षांनुसार गटवारी केल्यावर प्रत्येक गटात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जोडपी उरली. शिवाय तीच जोडपी दहा वर्षं पाहिली नव्हती. नवी जोडपी आणि जुनी जोडपी शेजारी ठेवून तुलना केली होती. ज्या पिढीत प्रेमविवाह केल्यावर घर तुटायचं, त्या पिढीच्या संसाराचा ताण 'प्रेम आटलं' म्हणून मोजला गेला असू शकतो. २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या ५८ जणांत (२८ ठरवून, ३० प्रेमविवाह) प्रेम, समाधान, बांधिलकी यांत फरक आढळला नाही. हाही नमुना लहानच. पण जयपूरच्या आकड्यांवर मुलीचं लग्न लावू नये, एवढं नक्की.

शिवाय 'प्रेम की ठरवून' ही विभागणीच आता सैल झाली आहे. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात नवरा पूर्णपणे स्वतः निवडणाऱ्या स्त्रिया सुमारे ५ टक्केच होत्या, पण आईबाप आणि मुलगी मिळून ठरवण्याचं प्रमाण वाढत होतं. बायोडाटा व्हॉट्सॲपवर येतो, सुपारी फुटण्याआधी दोघं महिनाभर बोलतात, आणि नाही म्हणण्याची सोय असते. 'नाही' म्हणता येणं हाच या शतकातला मोठा बदल मी मानतो.

जात किंवा धर्म आड आला की वाट कायद्याच्या दारातून जाते. अनुसूचित जमातींना १९५५ चा हिंदू विवाह कायदा सहसा लागू होत नाही, त्यांची लग्नं रूढीने होतात. १९५४ चा विशेष विवाह कायदा मात्र कोणालाही खुला आहे. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, ३० दिवस हरकतीसाठी थांबायचं. हरकत फक्त कायद्यातल्या कारणांवर चालते: आधीचं लग्न, कमी वय, मानसिक असमर्थता, निषिद्ध नातं. बापाची नाराजी त्यात बसत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथे: पुण्यात नोटीस दिली आणि कायमचा पत्ता जळगाव जिल्ह्यातला असेल, तर नोटिशीची प्रत तिकडच्या कार्यालयातही जाते आणि लागते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार हवेत. विधी कोणताही चालतो, पण अधिकाऱ्यासमोर आणि त्या तिघांसमोर दोघांनी एकमेकांना "मी तुझा कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकार करतो", "मी तुझा कायदेशीर पती म्हणून स्वीकार करते" असं तोंडाने म्हणावंच लागतं. भाषा कोणती, याची अट एकच: दोघांना कळणारी. ती अहिराणी असू शकते, पावरी असू शकते, भिल्लीही असू शकते.