बिग बँडच्या ध्वनिमुद्रिका व खपाच्या याद्या

अमेरिकेत साधारण १९३५ ते १९४५ या काळात गाजलेल्या ‘स्विंग’ शैलीच्या मोठ्या वाद्यवृंदांना बिग बँड म्हणतात. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे ताफे, तालाला पियानो, बास व ड्रम, असे बारा ते अठरा वादक त्यात असत. तबकडी निघे ती बँडप्रमुखाच्या नावाने. गायक पगारी, त्याचे नाव लेबलवर खाली, बारीक अक्षरांत. संगीत मुळात नाचण्यासाठी असल्याने गायकाच्या वाट्याला बहुधा मधले एखादे कडवेच येई.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. १९३४ मध्ये डेका कंपनीने ३५ सेंटांची तबकडी काढून मंदीने आटलेला बाजार पुन्हा हलवला. नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्स यंत्रानेही खप वाढवला. कंपन्यांचा अंदाज मात्र नेहमी खरा ठरत नसे. बँडप्रमुख आर्टी शॉ यांचे ‘बिगिन द बिगीन’ (१९३८) दुय्यम बाजूला टाकलेले होते, गाजले तेच.

लोकप्रियता आधी गाण्याची मोजली जाई, ध्वनिमुद्रिकेची नव्हे. १९३५ पासूनचा ‘युवर हिट परेड’ हा रेडिओ कार्यक्रम आठवड्याची आघाडीची गाणी आपल्याच कलाकारांकडून गाऊन घेई. दुकानांतील विक्रीवर आधारलेली, दहा क्रमांकांची राष्ट्रीय यादी ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने छापली ती २७ जुलै १९४० रोजी. त्याआधीच्या तबकड्यांना दिले जाणारे ‘पहिला क्रमांक’ हे बिरूद बव्हंशी संशोधक जोएल व्हिटबर्न यांच्या १९८६ मधील पूर्वलक्षी मांडणीतून आले आहे. ते जपूनच वापरावे.

त्या पहिल्या यादीच्या माथ्यावर टॉमी डॉर्सी यांच्या बँडचे ‘आयल नेव्हर स्माइल अगेन’ होते. कॅनडाच्या रूथ लो यांनी नवऱ्याच्या मृत्यूनंतर रचलेले हे गाणे बारा आठवडे अव्वल राहिले. गंमत अशी, की या मुद्रणात बँड जवळजवळ गप्पच आहे. संथ लय, चेलेस्टा या पियानोसारख्या वाद्याची किणकिण, डॉर्सी यांचा दबका ट्रॉम्बोन, आणि बाकी सगळा भार तरुण फ्रँक सिनात्रा व ‘पाइड पायपर्स’ या गायकचमूवर. बिग बँडच्या यशाची पहिली अधिकृत नोंद झाली ती अशी गायकांच्या जिवावर.

बँडप्रमुख ग्लेन मिलर यांचे ‘चॅटनूगा चू चू’ १९४१ मधील ‘सन व्हॅली सेरेनेड’ या चित्रपटातले. वाफेच्या इंजिनाची चाल वाद्यांतून उभी करणारी ही तबकडी बारा लाखांवर खपली. आरसीए व्हिक्टर या तबकडी कंपनीने १० फेब्रुवारी १९४२ रोजी रेडिओवरून मिलर यांना सोनेरी मुलामा दिलेली प्रत बहाल केली. ‘गोल्ड रेकॉर्ड’ची प्रथा इथून सुरू झाल्याचे मानतात. अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने ती पुढे १९५८ मध्ये औपचारिक केली.

युद्धाने गणित बिघडवले. तबकडीतले शेलॅक म्हणजे मुख्यतः भारतातून जाणारी लाख. तिची आवक अडली, शिवाय ती युद्धसामग्रीलाही लागे. त्यामुळे १९४२ मध्ये तिच्या नागरी वापरावर मोठी कपात आली. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून जेम्स पेट्रिलो यांच्या वादक संघटनेने मानधनाच्या वादावरून ध्वनिमुद्रण बंद केले. डेका १९४३ मध्येच नमली, आरसीए व्हिक्टर व कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. गायक मात्र या संघटनेचे सभासद नव्हते. कंपन्यांनी त्यांच्याकडून वाद्यांऐवजी नुसत्या गायकवृंदाच्या साथीने गाऊन घेतले आणि जुन्या तबकड्या पुन्हा बाजारात आणल्या.

हॅरी जेम्स यांच्या बँडचे ‘ऑल ऑर नथिंग ॲट ऑल’ १९३९ मध्ये ध्वनिमुद्रित झाले, पण आधी फारसे विकले गेले नव्हते. तेच मुद्रण कोलंबियाने १९४३ मध्ये पुन्हा काढले, आणि ते यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. या वेळी लेबलवर सिनात्रा यांचे नाव वर होते. जेम्स यांचा वाद्यवृंद त्याखाली, साथीला.