भूल (शुद्धिहरण व बधिरीकरण)

शस्त्रक्रियेच्या वेदना जाणवू नयेत म्हणून औषधांनी काही काळापुरती घडवून आणलेली आणि पुन्हा पूर्ववत होणारी अवस्था. शुद्ध हरपली तर ती सार्वदेहिक भूल किंवा शुद्धिहरण. शुद्ध राहून शरीराचा एखादाच भाग सुन्न झाला तर स्थानिक भूल किंवा बधिरीकरण. परिभाषेत ‘संज्ञाहरण’, ‘संवेदनाहरण’ हे पर्यायही आढळतात. बोलण्यात मात्र ‘भूल’ आणि ‘भुलीचा डॉक्टर’. भूल म्हणजे गाढ झोप, ही समजूत चुकीची आहे. झोपलेला माणूस सुरी टेकताच जागा होतो. भुलीतला होत नाही आणि स्वतःचा श्वासमार्गही राखू शकत नाही. तो दुसऱ्या कोणी राखावा लागतो.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला आवडीचे भोजन द्यावे आणि वेदना न सोसणाऱ्या मद्यपीला तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सांगितले आहे. आजचा उपवासाचा नियम याच्या नेमका उलट आहे. भोजप्रबंधात राजा भोजाला ‘मोहचूर्णा’ने मोहित करून कवटी उघडल्याची कथा येते. तो ग्रंथ बहुधा सोळाव्या शतकातला, म्हणजे भोजानंतर सुमारे पाच शतकांनंतरचा. त्यामुळे ती कथा घटनेचा पुरावा न मानता त्या काळी अशी कल्पना होती एवढाच तिचा अर्थ घ्यावा. जपानमध्ये सेइशू हानाओका यांनी १८०४ मध्ये धोतरा व बचनागाच्या जातीच्या वनस्पतींचा काढा देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. हुंगवून शुद्ध घालवणाऱ्या ईथर या औषधाच्या श्रेयाचा वाद मोठा आहे. क्रॉफर्ड लाँग यांनी मार्च १८४२ मध्येच ईथर वापरले, पण ते प्रसिद्ध केले १८४९ मध्ये; विल्यम मॉर्टन यांचे बॉस्टनमधील जाहीर प्रात्यक्षिक १६ ऑक्टोबर १८४६ चे. पहिला प्रयोग लाँग यांचा यात शंका नाही. परंतु जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत ईथर पोहोचले ते मॉर्टन यांच्यानंतर. १८४७ मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणले. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्यात कोकेनचे थेंब घालून स्थानिक भुलीचा पाया घातला आणि १८९८ मध्ये आउगुस्ट बीअर यांनी मणक्यातली भूल दिली.

या इतिहासात गोव्याचे नाव दोन वाटांनी येते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. धोतरा पोटात गेलेला माणूस नुसता हसत राहतो आणि अंगावरचे दागिने कोणी काढून घेतले तरी हरकत घेत नाही, असे त्यात आहे. हे वर्णन शुद्धिहरणाचे नव्हे, विषबाधेतल्या भ्रमाचे. तरी धोतऱ्यातली ॲट्रोपीन व हायोसीन ही द्रव्ये भुलीच्या औषधांमध्ये आजही आहेत; नाडी फार मंदावली की ॲट्रोपीन देतात.

दुसरी वाट आबे फारिया यांची. हे धर्मगुरू मोहनिद्रेचे, म्हणजे संमोहनाचे, अभ्यासक. जन्म १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे, मृत्यू १८१९ मध्ये पॅरिसला. लिस्बनमध्ये पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहून शब्द फुटेना तेव्हा वडिलांनी खालून कोंकणीत ‘कातर रे भाजी’ (काप रे भाजी, म्हणजे समोरच्यांना भाजीपाला समज) म्हटले आणि वाचा मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात सर्वांना पाठ आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. फारिया यांना काही लेखक शुद्धिहरणाचे आद्य प्रवर्तक ठरवतात. हे ताणलेले वाटते. मोहनिद्रेचे कारण प्रयोग करणाऱ्यातून वाहणाऱ्या कसल्या द्रवात नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्याच मनात असते, हे त्यांचे प्रतिपादन. आणि तेच अधिक मोलाचे. ब्रिटिश शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल यांनी १८४५ पासून बंगालमधील हुगळीला मोहनिद्रेत शस्त्रक्रिया केल्या, परंतु ईथर व क्लोरोफॉर्म आल्यावर ती पद्धत मागे पडली.

स्थानिक भुलीची क्रिया बरीच उलगडली आहे. लिग्नोकेनसारखे औषध विद्युतभाररहित रूपात मज्जातंतूचे आवरण ओलांडते, आत भारित होते आणि सोडियमच्या मार्गिकेला, म्हणजे संदेश वाहण्यासाठी सोडियम ज्यातून आत शिरते त्या छिद्राला, आतून बूच लावते. संदेश पुढे सरकत नाही. पू झालेल्या जागी आम्लता जास्त असते, औषधाचा बराच भाग बाहेरच भारित राहतो, म्हणून सुजलेल्या हिरडीत भूल नीट चढत नाही. वेदनेचे बारीक तंतू आधी बंद पडतात, स्पर्शाचे जाड तंतू मागाहून. त्यामुळे दाब आणि ओढ जाणवली तरी ‘भूल लागलीच नाही’ असे नव्हे.

शुद्धिहरणाबाबत मायर व ओव्हर्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औषधाची शक्ती त्याच्या स्निग्धविद्राव्यतेशी, म्हणजे चरबीत विरघळण्याच्या गुणाशी, जोडली. पुढे फ्रँक्स व लीब यांच्या १९८४ च्या प्रयोगानंतर औषध प्रथिनांवर काम करते या मताकडे पारडे झुकले. आज प्रोपोफॉल व बहुतेक बाष्परूप औषधे मेंदूतील ‘गाबा’ ग्राहींची (संदेश झेलणाऱ्या प्रथिनांची) शामक क्रिया वाढवतात, तर केटामीन ‘एनएमडीए’ हे उत्तेजक संदेश झेलणारे ग्राही अडवते, असे मानतात. जाणीव नेमकी कशी मावळते हा प्रश्न यानेही पूर्ण सुटत नाही.

सुरक्षिततेत पहिली गोष्ट रिकामे पोट. शुद्ध गेल्यावर जठरातले अन्न वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. हलक्या अन्नानंतर ६ तास, तेलकट जेवणानंतर ८, अंगावरच्या दुधानंतर ४ आणि पाण्यानंतर २ तास, हा सर्वमान्य दंडक. गोव्यात इथे पेजेचा घोटाळा होतो. ‘काही खाल्ले नाही, फक्त पेज घेतली’ असे रुग्ण मनापासून सांगतो. पण शिते असोत वा नुसती निवळ, पेज हे अन्नच. तसेच रोजची फेणी लपवू नये. नित्य पिणाऱ्याला औषधाची मात्रा वेगळी लागू शकते आणि दारू एकाएकी तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊ शकतो.

भुलीत प्राणवायूची पातळी, बाहेर पडणारा कर्बवायू, हृदयालेख (ईसीजी) व रक्तदाब अखंड पाहतात. स्थानिक औषधही मोजूनच: लिग्नोकेन साधे असल्यास दर किलो वजनाला साधारण ४.५ मिलिग्रॅम, ॲड्रेनलिनसह ७ पर्यंत. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण ही जादा मात्रेची पहिली लक्षणे. रुग्णाने ती लगेच सांगावीत. पुढे झटके येऊ शकतात, हृदय बंद पडू शकते. अशा वेळी २० टक्के स्निग्ध द्रावण शिरेतून देतात.

सिझेरियनसाठी बहुधा कमरेतून भूल देतात. त्याने जन्मभर कंबर दुखते हा समज घट्ट आहे. टोचल्या जागेचे दुखणे काही दिवसांत जाते. दीर्घ कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत दिसत नाही. डोके मात्र काहींचे दुखते, उठून बसल्यावर वाढते, आडवे पडल्यावर कमी होते. तसे झाल्यास डॉक्टरांना कळवावे. शुद्धिहरणानंतर त्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाने सोबत माणूस न्यावा आणि २४ तास स्कूटर चालवू नये.